डावा ब्रेक

५ सप्टेंबर

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. या खेपेला साष्टांग म्हणजे खरोखरच साष्टांग, कारण आत्ताच तुझ्या गाडीखाली पालथा पडून तेल गळतंय का ते बघून आलो. गळत नाहीये. माझ्या शर्टाचं मात्र विचारू नकोस.

तुझं विमान उडालं तेव्हा मी आमच्या विमानतळ-पार्किंगच्या कुंपणाशी, कामावरच, उभा राहून हात हलवत होतो. तुला दिसणार नाही हे ठाऊक होतं, तरी हलवला. रखवालदाराने विचारलं, "कोण, बायको?" म्हटलं, "मावशी." तो म्हणाला, "मग एवढा कशाला हलवतोस?" आता त्याला काय सांगू? आई गेल्यापासून मला 'जेवलास का' विचारणारं एकच माणूस उरलं होतं, तेही उडालं.

तू खिशात कोंबलेली यादी पाठ झाली आहे. जागा दिव्याच्या खांबाजवळ, कॅमेऱ्यासमोर: क ओळ, चौदा नंबर. सीटवर काहीही नाही, तुझी उशीसुद्धा डिकीत. कागदपत्रं आणि पार्किंगची पावती गाडीत न ठेवता माझ्या खोलीवर. किल्ली केबिनच्या खिळ्यावर बाकीच्यांबरोबर लटकत नाही, माझ्या गळ्यात आहे. बॅटरीची तार काढून ठेवली आहे, दर रविवारी जोडून पंधरा मिनिटं इंजिन चालवीन.

एक गोष्ट. गाडी आत घेताना आम्ही फॉर्म भरतो, कुठे काय घासलंय त्याचा. सगळ्यांच्या गाड्यांना काही ना काही असतंच. पण तुझ्या? डावा कोपरा चांगला वीतभर घासलाय! सव्वीस वर्षं तू याच धंद्यात, अर्ध्या गावाला गाडी शिकवलीस, कोणी गाढव खांबावर घालायला निघालं तर तुझा पाय आधीच शिकवणाऱ्याच्या बाजूच्या त्या जादा, डाव्या ब्रेकवर असायचा. मग हे कोणी केलं? नाव सांग, बघतो त्याच्याकडे.

किलोमीटरचा आकडा, तू सांगितल्याप्रमाणे: ८१,३०६.

तुझा
भडकोबा

ता. क. इंडिकेटरला परदेशात नोकरी लागली म्हणे. आठवते ना? रिकाम्या मैदानातसुद्धा इंडिकेटर दिल्याशिवाय न वळणारी. नाव तूच ठेवलंस. ती चालवायची आणि मी मागच्या सीटवर माझी पाळी येईपर्यंत तिची मान बघत बसायचो. आणि लोक म्हणतात मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं, ते साफ खोटं आहे. सोडलं ते सरांना डस्टर फेकून मारलं म्हणून. सर तिच्याबद्दल वाकडं बोलले होते, एवढाच काय तो संबंध.


१६ सप्टेंबर

चि. भडकोबास,

आशीर्वाद. मोजून घे, टपालाला दहा दिवस लागतात, वाटेत दोन-चार गळाले असतील.

फोन का करत नाही म्हणशील. इथे फोन म्हणजे चावडी. तुझा दादा तो टेबलावर ठेवतो, आवाज मोठा करतो आणि सूनबाई भांडी लावता लावता माझ्या वतीने उत्तरं देते. वाईट नाहीत रे दोघं. पण माझं बोलणं माझं राहत नाही. कागद बरा.

घर नवव्या मजल्यावर. सकाळी साडेसातला रिकामं होतं, संध्याकाळी साडेसहाला भरतं. मधल्या वेळात फ्रिज घरघरतो आणि मी त्याला 'हं' म्हणते. खाली रस्ता दिसतो. इथले लोक वळताना आरसा बघत नाहीत, एवढं नवव्या मजल्यावरूनही कळतं. डोळ्यांचं छोटं काम आहे, ते झालं की ऑक्टोबरअखेर निघते.

पण इथे एक भानगड झाली आहे, नीट वाच. दादाचं टुमणं चालू आहे: "आई, विमानतळावर दोन महिने उभी गाडी म्हणजे चाकं गेली, बॅटरी गेली. आणि तो तुझा भाचा! कॉलेजमधून पळालेला. तो मित्रांना घेऊन उंडारत असेल. विक ते डबडं आणि इथेच राहा." मी म्हटलं, "भाचा दर पत्रात आकडा कळवणार आहे." तो म्हणाला, "हलला तर?" माझ्या तोंडून निघून गेलं, "एक किलोमीटर जरी हलला तरी विकते, आणि राहते इथे." सूनबाई साक्षीला. तेव्हा बाबा, परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये असलं तरी माझं परत येणं क ओळीत चौदा नंबरला उभं आहे. त्याला जप.

यादीत एक राहिलं. हँडब्रेक ओढायचा नाही. लांब मुदतीला उभी गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना विटा लावायच्या. हँडब्रेक ओढून ठेवला तर मागची चाकं धरतात, मग हत्ती आणला तरी हलत नाहीत. आठवड्यातून एकदा वीतभर पुढे, वीतभर मागे ढकलायची, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाही. वीतभराने आकडा हलत नाही, मी पूर्वी पाहिलं आहे.

कोपरा एका मोटारसायकलवाल्याने घासला. नाव सांगायला थांबला नाही.

इंडिकेटर गुणी मुलगी. जाऊ दे तिला.

मावशी


२७ सप्टेंबर

ती. मावशी,

दादाला सांग, कॉलेजमधून पळालो नाही, छाती काढून चालत बाहेर आलो. फाटकापर्यंत. पुढे पळालो.

आकडा ८१,३०६. तीनदा वाचला. हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, चारी चाकांना विटा. रविवारी इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. सगळ्या आवारात तेवढा एकच ओळखीचा आवाज. मी आत बसून पंधरा मिनिटं पूर्ण केली. तुझी सीट पुढे ओढलेली, माझे गुडघे कानाला लागतात, पण सरकवली नाही.

ग ओळीत एकाची काच फुटली. मागच्या सीटवर रिकामी बॅग ठेवून गेला होता. रिकामी! चोराला काय माहीत? तो माणूस परत आला तेव्हा फॉर्म दाखवायला मीच गेलो. चिडला नाही. काचा झाडत म्हणाला, "तीन आठवड्यांनी आलो, कुणीतरी वाट बघत होतं म्हणायचं." असली माणसं येतात बघ इथे. येताना घाईत आणि जाताना दमलेली. आमच्याशी बोलतात ते एवढंच, "पावती कुठे देऊ?"

इंडिकेटर ९ ऑक्टोबरला जाते आहे. तिच्या भावाने फोन केला होता, ती स्वतःची गाडी इथेच लावणार, दोन दिवसांनी तो घेऊन जाईल. मी जागा धरून ठेवली आहे. अ ओळ, पहिली. फाटकाजवळ सावली आहे.

'जाऊ दे' म्हणतेस. एकदा बोलेन तरी म्हणतो.

तुझा भडकोबा

ता. क. तुझ्या ओळी या वेळी उतरणीला लागल्या होत्या. शेवटची तर कागदाबाहेर पडता पडता वाचली. घाईत होतीस का?


७ ऑक्टोबर

चि. भडकोबास,

हे पोचेल तोवर ती गेलेली असेल, म्हणून सल्ला देऊन फायदा नाही. तरी देते, सव्वीस वर्षांची खोड आहे. जी माणसं जायची असतात ती आधी सांगतात. या मुलीने वर्षभर आधी परीक्षा दिली, पासपोर्ट काढला, माझ्याकडे गाडी शिकायला आली तेव्हाच म्हणाली होती, "मावशी, तिकडे लागेल म्हणून शिकते." तू मागेच बसला होतास.

आकडा दादाला वाचून दाखवला. त्याने चष्मा लावून स्वतः बघितला आणि ताट पुढे ओढलं. मी एक घास जास्त जेवले.

ऑक्टोबर जमणार नाही असं दिसतं. डॉक्टर म्हणतात आणखी तपासण्या. नोव्हेंबरअखेर धर. ओळींचं म्हणशील तर इथलं टेबल तिरकं आहे.

मावशी


१९ ऑक्टोबर

ती. मावशी,

सगळं ठीक. ती गेली. बसने टर्मिनलला गेली, मी हात केला, तिने केला. बोलणं झालं नाही. बरंच झालं.

आकडा तोच.

डावा ब्रेक जरा कुरकुरत होता, तेल सोडलं. बाकी गाडी मजेत. काळजी करू नकोस. तब्येतीला जप.

भडकोबा


३० ऑक्टोबर

भडकोबा,

सव्वीस वर्षांत त्या डाव्या ब्रेकवर माझ्याशिवाय कुणाचा पाय पडलेला नाही. उभ्या गाडीत तो कुरकुरत नाही. दाबल्याशिवाय कुरकुरत नाही, आणि चालत्या गाडीत जोरात दाबला तरच दुसऱ्या दिवशी कुरकुरतो.

'आकडा तोच.' आधीच्या दोन पत्रांत तू आकडा लिहिलास.

पत्र अजून दादाला दाखवलेलं नाही. कोण बसलं होतं डावीकडे? लिही.

मावशी


१० नोव्हेंबर

मावशी,

८१,३१५.

घे. लिहिला. नऊ किलोमीटर. तुझी पैज मी घालवली, आणि वर खोटं बोललो.

ती आली. अ ओळीत गाडी लावली, रिकाम्या आवारात इंडिकेटर देऊन. टर्मिनलची बस बंद पडली होती, हे खरं आहे, ड्रायव्हरला विचार हवं तर. ती सारखी घड्याळ बघत होती. मी म्हटलं, "सोडतो." तुझी गाडी बघून हसली. "अगं बाई, ही अजून आहे?" डावीकडे बसली आणि तुझ्या आवाजात म्हणाली, "आधी आरसा बघ, मग दुनिया." माझं तिथेच चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

वाटेत विचारलं, परत कधी येणार? म्हणाली, "तसं काही ठरवलं नाही." मी म्हटलं, "आणि मी?" ती म्हणाली, "तू काय?"

मावशी, ती कुत्सितपणे बोलली नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. दोन वर्षं मी तिच्याशी जे जे बोललो ते सगळं खोलीत बसून, भिंतीशी. तिच्यापर्यंत एक अक्षर गेलं नव्हतं. डस्टर कुणासाठी फेकलं तेही तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं मी असाच वेडा आहे.

टर्मिनलचं वळण आलं. मी वळलो नाही.

"अरे, डावीकडे!"

"ऐकून तरी घे."

"आधी गाडी थांबव."

"दोन मिनिटं ऐक गं!"

मी गाडी दामटली. काय करणार होतो, कुठे नेणार होतो, देवाशपथ मला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, नाहीतर कळलं असतं. आणि गाडी थांबली. मी नाही थांबवली. तिने डावा ब्रेक दाबला होता. तू पाय ठेवायचीस तसा, आधी हळू, मग घट्ट. इंजिन बंद पडलं. मागे कोणी नव्हतं म्हणून वाचलो.

तिने हात पुढे करून गाडी थांबल्याचा इंडिकेटर लावला. उतरली. बॅगा काढल्या. खिडकीतून म्हणाली, "तू तापला आहेस. जरा बस, मग चालव." दोन्ही बॅगा ओढत ती उलट्या दिशेने टर्मिनलपर्यंत चालत गेली, आणि मी बसून राहिलो. बॅग धरायलासुद्धा उतरलो नाही. तो टिकटिक आवाज अजून कानात आहे.

लांबून वळसा घालून परत आलो आणि हँडब्रेक खेचला, असा खेचला की दात वाजले. दुसऱ्या दिवशी ब्रेकला तेल घातलं ते तिच्या पायाची खूण जावी म्हणून. मग गाडीकडे फिरकलोच नाही. एकही रविवार नाही. मधे दोनदा पाऊस झाला. काल तुझं पत्र आलं, धावत गेलो. मागची चाकं धरली आहेत. ढकलून ढकलून हात सोलले, हलत नाही.

दादा बरोबर होता माझ्याबद्दल. त्याला दाखव हे पत्र.

भडकोबा


२२ नोव्हेंबर

चि. भडकोबास,

पत्र वाचायला दोन दिवस लागले. अक्षर घाण आहे म्हणून नव्हे, तसं ते आहेच. भिंग घेऊन एकेक शब्द वाचावा लागतो.

आधी तुझं. जे केलंस ते वाईट केलंस. ती मुलगी बंद गाडीत तुझ्या हातात होती. तिच्या जागी न शिकलेली कोणी असती तर? तिला पत्र लिही. एकच, माफीचं, उत्तराची वाट न बघता. त्यात प्रेमाचा शब्द घातलास तर मी तुझी मावशी नाही.

चाकांवर जोर करू नकोस. हँडब्रेक सोड, बॅटरी जोड, पहिला गिअर, हलकेच पुढे. मग रिव्हर्स, हलकेच मागे. नाही सुटली तर बंद कर आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी परत. मागच्या ड्रमवर लाकडाच्या तुकड्याने टकटक कर, हातोडा नको. तुला वाटेल एकदा जोर लावून टाकावा. तेव्हा सरळ दहा पावलं लांब जाऊन उभा राहा.

आता माझं. मोटारसायकलवाला नव्हताच. कोपरा मीच घासला, आपल्याच फाटकाच्या खांबावर. सव्वीस वर्षं तिथेच असलेला खांब मला दिसला नाही. काचबिंदू आहे. डावीकडचं गेलं आहे आणि बाकीचं हळूहळू जातं आहे. ऑपरेशन झालं, ते उरलेलं टिकवायला. गेलेलं येत नाही. ऑक्टोबरातच सांगितलं त्यांनी. टेबल सरळ आहे.

त्या दिवशी विमानतळापर्यंत तशीच चालवत आले. तुला वाईट म्हणते, पण रस्त्यावर आणखीही माणसं होती. मीही नशिबानेच वाचले. मला एकदा शेवटची चालवायची होती, बस.

म्हणजे तुझ्या नऊ किलोमीटरने मी पैज हरले असं समजू नकोस, ती लावली तेव्हाच मी हरलेली होते. गाडी विक. चांगल्या हातात दे, शिकवणाऱ्या कुणाला. दादाला सांगितलं मी, राहते म्हणून. त्याने खिडकीजवळ माझी खुर्ची लावून दिली आहे. खालचा रस्ता आता नुसता आवाजाचा आहे.

जेवतोस का?

मावशी


८ डिसेंबर

ती. मावशी,

विकणार नाही.

ओरड, आशीर्वाद बंद कर, काय करायचं ते कर. विकणार नाही. तू मला रागाने निर्णय घेऊ नको म्हणतेस आणि स्वतः खुर्चीत बसून निर्णय घेतेस! कोणी सांगितलं की जो चालवू शकत नाही त्याने घरी जायचं नाही? तुझ्या अंगणातल्या पायऱ्या किती ते तुला ठाऊक. नळ कुठे, दिव्याचं बटण कुठे, ठाऊक. तिथे नवव्या मजल्यावर फ्रिजला 'हं' म्हणायला तू का राहायचं? दादाला विचारून बघ, तो तुला सांभाळायला धडपडतोय की नुसती पैज जिंकतोय. मला वाटतं पहिलंच. म्हणून त्याच्यावर चिडत नाही. बघ, सुधारलो.

पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दहा पावलं लांब जाऊन उभा राहिलो, तीन वेळा. रखवालदाराला वाटलं गाडीला नमस्कार करतोय. चौथ्या दिवशी लाकडाने टकटक. पाचव्या दिवशी पुढे, मागे, पुढे, आणि खालून 'टक' असा आवाज आला. मी ओरडलो असेन, कारण तीन ओळी पलीकडून एक बाई दचकून बघायला लागली.

तिला पत्र लिहिलं. सहा ओळी. प्रेमाचा शब्द नाही. पोचलं का, वाचलं का, काही कळणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

मी इथे कामावर आहेच. तुझ्या घरापासून पाऊण तासावर. तुझी मागची खोली रिकामी आहे. माझी खोली मला नको झाली आहे, तिथल्या भिंतींना सगळं माहीत आहे. तू ये. तू डावीकडे बस, मी चालवीन. डावीकडचं मी बघीन. ब्रेक तुझ्या पायाखाली राहू दे, म्हणजे मी तापलो तर दाब.

आकडा ८१,३१५. वीतभराने खरंच हलत नाही.

भडकोबा


१९ डिसेंबर

चि. भडकोबास,

दादाशी बोलले, फोन नाही, टेबल नाही, समोरासमोर. तो रडला. मलाच वाटत होतं तो पैज लावतो आहे. तिकीट त्यानेच काढून दिलं. ३१ तारीख, दुपारी अडीच. सूनबाईने बॅग भरली. सहा महिन्यांनी दोघं येतील बघायला.

एक अट. डाव्या ब्रेकची तार काढून टाक. डाव्या क्लचचीही. ज्याला दिसत नाही त्याच्या पायाखाली ब्रेक असू नये, हे मी कुणालाही शिकवलं असतं. तू तापलास तर मी तुला थांबवणार नाही. तूच थांबायचं.

मावशी


३१ डिसेंबर, सकाळ

ती. मावशी,

हे पत्र टाकणार नाही, टाकलं तरी तू तिथे नसशील. तुला हाताने देईन आणि घरी गेल्यावर वाचून दाखवीन. पण दर वेळी लिहिलं, म्हणून लिहितो.

क ओळ, चौदा नंबर आज रिकामी झाली. विटा उचलल्या तर त्यांच्याखालची जमीन चार चौकोनांत स्वच्छ राहिली होती. जायच्या फॉर्मवर सही मीच केली: गाडी जशी आली तशी गेली, डावा कोपरा घासलेला, नऊ किलोमीटर जास्त. रखवालदाराने हात हलवला. मी म्हटलं, "एवढा कशाला हलवतोस?" पण हलवू दिला.

तुझी उशी डिकीतून काढून डाव्या सीटवर ठेवली. उजवी सीट मी मागे सरकवली. हात लावायच्या आधी दहा पावलं जाऊन आलो.

दोन्ही तारा काल काढल्या, फडक्यात गुंडाळून डिकीत आहेत. डावा ब्रेक आता कशालाही जोडलेला नाही. पण पेडल मी जागेवरच ठेवलं आहे. सव्वीस वर्षं तुझा पाय तिथे होता, घरी जाताना त्याने कुठे जायचं? नुसता ठेव. आणि कधी वाटलंच तर दाब. गाडी थांबणार नाही. पण मला तुझा पाय दिसेल, आणि मी थांबवीन.

आकडा ८१,३१५. पुढचा तू विचार, मी वाचून सांगेन.

तुझा
भडकोबा